सतराव्या पिशवीतलं नाव

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी धुकं होतं, दहानंतर कोरडं ऊन पडलं. त्या दिवशी शिरोलीच्या एका फौंड्रीतून धूळ गाळणाऱ्या चोवीस पिशव्या त्यांचं कापड विणणाऱ्या कुपवाडच्या कारखान्यात तपासणीला आल्या, आणि सतराव्या पिशवीत तिथल्याच मगदूमबाईंचं नाव अडकलेलं निघालं.

शब्द अडकणं नवीन नव्हतं. कंपनीचं पहिलं कापड वाळू अडवायचं. दुसरं धूर अडवायला लागलं. गेल्या वर्षीचं तिसरं कापड इतकं बारीक विणलं गेलं की भट्टीपाशी माणसं जे बोलत तेही त्यात राहू लागलं. सगळं नाही. शिव्या हलक्या असतात, त्या आरपार जातात. जीव लावून उच्चारलेला शब्द जड असतो, तो राहतो. आणि एकदा राहिला की पिशवी झटकेपर्यंत भट्टी सोडून बाहेर कुठंही बोलणाऱ्याला तो सापडत नाही, ना जिभेवर, ना लिहिताना. भोसरीची एक कंपनी याच शर्यतीत होती, पण त्यांच्या कापडात दोन दिवसांच्या वर काही टिकत नसे.

मगदूमबाईंचं काम म्हणजे पिशवीच्या तोंडाला कान लावायचा आणि आत काय आहे ते वहीत लिहायचं. पहिल्या सोळा पिशव्यांपैकी चारांत ‘आई’, नऊंत ‘पाणी’ आणि एकीत नुसतं ‘गाव’ निघालं; दोन रिकाम्या होत्या. सतरावीला त्यांनी दोनदा कान लावला.

“सुलोचना,” पिशवीतून आलं. आवाज बापूसोंचा होता.

बापूसो म्हणजे त्यांचे यजमान. आठवडाभर शिरोलीत खोली घेऊन राहत, त्याच फौंड्रीच्या भट्टीवर काम करत आणि रविवारी घरी येत. चौदा महिन्यांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. “अगं,” म्हणायचे, थांबायचे, ओठ हलायचे आणि शेवटी “ऐक की” म्हणून पुढं जायचे. बाईंनी तक्रार तरी काय करायची? त्याआधी अख्ख्या गल्लीत बायकोला नावानं हाक मारणारा तो एकच गडी होता. शेजारणी म्हणाल्या, “आता कुठं चारचौघांसारखा वागाय लागला बघ.”

बाई पिशवी घेऊन देशिंगकर साहेबांकडे गेल्या. नवीन कापडाचं सगळं काम साहेबांकडे होतं.

“साहेब, ही झटकायला पायजे.”

“काय बोलताय बाई! चौदा महिने टिकलंय. ही मी नमुना म्हणून काचेत ठेवणार. येऊ देत भोसरीवाले बघायला.”

“पर नाव माझं हाय.”

“नाव तुमचं, शब्द बोलणाऱ्याचा, कापड आमचं. सोडवायचा असेल तर त्यांनी अर्ज करावा. स्वतःच्या हातानं. शुक्रवारी पिशवीला सील लागेल.”

गुरुवारी बापूसो रजा टाकून आले. अर्जावर एकच रकाना होता. वर छापलं होतं, ‘गाळलेला शब्द’. बापूसो पाऊण तास पेन धरून बसले.

“अहो, बायकोचं नाव लिहायचंय,” साहेब म्हणाले.

“म्हाईत हाय की. ही समोर बसलीया. पर अक्षरच हाताला लागंना.”

“मी सांगू?” बाईंनी विचारलं.

“सांगितलेलं चालत नाही.”

बापूसोंनी ‘अगं’ लिहिलं. साहेबांनी ते नाव नसल्याचं सांगितलं. बापूसोंनी ते खोडलं, नवीन अर्ज मागून घेतला, तसाच कोरा ठेवला आणि खाली सही केली.

“रकाना रिकामा आहे,” साहेब म्हणाले.

“रिकामा न्हाई, गाळलेला हाय,” बाई म्हणाल्या. “वर काय छापलंय वाचा की. शाळंत गाळलेल्या जागा भरा म्हणायचे. हितं भरा म्हणलंय का कुठं?”

साहेबांनी चष्मा लावला. मथळा वाचला, रकाना बघितला, कागद पालटून मागची बाजू बघितली. भरा असं कुठंच नव्हतं. रकान्यात जो शब्द असायला हवा होता तो नियमानुसार गाळलेला होता.

“अर्ज बरोबर आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला. मग म्हणाले, “भोसरीवाल्यांना आता मी काय दाखवू?”

पिशवी चौकटीला टांगली. बापूसो खाली उभे राहिले, बाई त्यांच्या शेजारी. साहेब हवेची नळी जोडत होते.

“अवो, तिथं भट्टीपाशी हाक मारून काय सांगत होता मला?” बाईंनी हळूच विचारलं.

बापूसो म्हणाले, “ध्यानात न्हाई. ते हलकं असंल. निघून गेलं.”

साहेबांनी हवेचा पहिला झटका दिला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच वीसला पिशवी रिकामी झाली. नाव तीनशे सहा वेळा निघालं. बाईंनी तीनशे सहा वेळा ओ दिली.