मोडीतली नावं

नजन सिस्टर आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, गोल फिरवून बघितला आणि बुडाला काही लिहिलंय का ते पाहायला सरळ आडवा केला. तांब्यात पाणी होतं. ते आमच्या नव्या सतरंजीवर, मी तपासायला आणलेल्या पेपरांवर आणि थोडं माझ्या नवऱ्याच्या पायांवर सांडलं. सिस्टरांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"यशोदा," त्यांनी वाचलं. "कोण ही?"

"सासूबाईंची आई," मी फडकं शोधत म्हणाले.

"माहेर कुठलं?"

"सासूबाईंचं?"

"नाय हो. यशोदाबाईचं."

ते मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर पेशंटकडं बघतात तसं सिस्टरांनी आमच्याकडं बघितलं. "विचारून ठेवा. माणूस हाय तवर विचारावं," त्या म्हणाल्या, तांब्यात उरलेलं घोटभर पाणी प्यायल्या आणि जिना चढून आपल्या घरी गेल्या.

उस्मानपुऱ्यात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी पैठण तालुक्यातल्या खेड्यांत केली. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टरच. एकट्या असतात. लग्नाचं कुणी विचारलं की "सवड झाली नाय," एवढंच सांगतात, जणू लाइटबिल भरायचं राहून गेलंय.

त्यांचा उद्योग असा. घर बदलताना, वाटण्या होताना, नव्या सुनेला स्टीलची भांडी आवडतात म्हणून, लोक जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालतात. मोडवाला ती वजनावर घेतो आणि पुढं भट्टीत पाठवतो. त्यातल्या पुष्कळ भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं घातलेली असतात. चि. सौ. कां. अमुक हीस मामांकडून, चुलत्यांकडून, सप्रेम भेट. नजन सिस्टर ही नावाची भांडी भट्टीच्या तोंडातून ओढून आणतात आणि त्या बाईची लेक, नात, पणती, जे कुणी सापडेल त्यांना शोधून घरपोच करतात.

"पुरुषाचं नाव सातबाऱ्यावर असतं," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "बाईचं कुठं असतं? माहेरचं नाव लग्नात पुसतेत. ऱ्हायलं तर एवढं भांड्यावर ऱ्हातं. त्येबी वितळवायचं व्हय?"

मोडवाले रशीदभाई त्यांना लांबून येताना पाहिलं की ओरडतात, "आओ सिस्टर, तुम्हारे मरीज आए हैं!" नावाची भांडी ते पोत्याखाली वेगळी काढून ठेवतात. मग सिस्टर चष्मा पुसतात, खाली बसतात आणि एकेक भांडं मांडीवर घेऊन चिंचेनं घासायला लागतात. अक्षरं उर्दूत असली तर रशीदभाई वाचून दाखवतात. दुकानाच्या दारातच हे चालतं, त्यामुळं गिऱ्हाइकांना वळसा घालून आत जावं लागतं. रशीदभाईंनी एकदा त्यांना आत बसायची विनंती केली. "आत उजेड नाय," सिस्टर म्हणाल्या, आणि थोड्या आणखी मधे सरकल्या.

भांडं हाती आलं की शोध सुरू. त्यासाठी त्यांना फार काही लागत नाही. समोर येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या आईचं माहेर विचारायचं, एवढंच. रिक्षावाला, गॅसवाला, दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं, कुणी सुटत नाही. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं. ते बिचारे "का? काही स्थळ आहे का?" म्हणून लाजले. मुख्याध्यापकांना नातवंडं आहेत.

फोनवर तर फारच मजा. "हॅलो, तुमच्या आजीचं नाव सखुबाई का? त्यांना एक बहीण होती का?" असं सुरू केलं की समोरचा सावध होतो. एकदा एक मुलगा म्हणाला, "मावशी, काय बी बोला, ओटीपी देणार नाय."

"कोण पी?" सिस्टर म्हणाल्या. "तुमच्याकडचा का? मग त्यास्नी द्या फोन."

या उद्योगापायी त्या कितीतरी भावक्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. शेळके परिवार, म्हस्के परिवार, आणखी कोण कोण. कुठल्याच परिवाराशी यांचं नातं नाही. भांडं पोचवलं की लोक प्रेमानं ग्रुपवर घेतात आणि मग काढायचं विसरतात. सिस्टर सगळीकडं सुप्रभात पाठवतात, बारशाला आशीर्वाद देतात, दहाव्याचे निरोप आले की हळहळतात. एका परिवारात एकानं विचारलंच, "या नजन मावशी आपल्यात कोण?" त्यावर ॲडमिननं उत्तर दिलं, "आपल्याच आहेत, कुठल्यातरी." सिस्टरांनी मला ते दाखवलं. मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. फोन पदराला पुसून ठेवून दिला.

भांडी पोचवायला माझी स्कूटी असते आणि स्कूटीबरोबर मी. दोघींच्या मधे पातेलं. एकदा असंच एक मोठं पितळी पातेलं घेऊन आम्ही शेंद्र्याला गेलो. 'कमळाबाई हीस मामांकडून.' कंपनीत कामाला असलेल्या एका गृहस्थांनी दार उघडलं, पातेलं बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आत कॉटवर त्यांची म्हातारी आई बसली होती. तीच कमळाबाईंची लेक.

"अगं बया, आईचं पातेलं!" ती म्हणाली. "आरं, तू तर म्हणला कल्हईला दिलंय!"

"कल्हईलाच दिलं होतं," मुलगा म्हणाला.

"इतकी वर्सं?"

मुलगा घामाघूम. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "कल्हईवाला लई हळू व्हता आजी. पण काम चांगलं करतो." चहा झाला, पोहे झाले, म्हातारीनं पातेलं मांडीवरून खाली ठेवलं नाही. निघताना जिन्यात सिस्टरांनी त्या गृहस्थांची कॉलर धरली नाही इतकंच. "पुन्हा जर मोडीत दिसलं ना," त्या हळूच म्हणाल्या, "तर तुलाच भट्टीत घालीन."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग दिवाळीत तो हंडा आला.

तांब्याचा, जुन्या घडणीचा, पोटाला एक पोचा आलेला. काठाखाली लिहिलं होतं, 'शेवंता हीस आईकडून. पाचोड.' सिस्टर तो घासताना एकदम थांबल्या. भांडं देणारे मामा असतात, बाप असतो, चुलता असतो. आईचं नातं लिहिलेलं भांडं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "आईजवळ कुठून आला असंल पैका?" त्या म्हणाल्या. "रोजानं गेली असंल. कुणाला न सांगता साठवलं असंल."

एरवी भांडं आलं की दुसऱ्या दिवशी फोनाफोनी. या हंड्याचं तसं झालं नाही. तो त्यांच्या घरात राहिला. मी विचारलं की "जाऊ की, घाई काय," म्हणायच्या. हंड्यात रोज पाणी भरायच्या. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच त्यांना एसटीत बसवलं आणि शेजारी बसले. त्यांच्या मांडीवर हंडा. कंडक्टरनं हंड्याकडं बघून तोंड उघडलं, तेवढ्यात सिस्टरांनी त्याच्या आईचं माहेर विचारलं आणि तो पुढं निघून गेला.

पाचोडला बाजार होता. सिस्टर थेट बांगड्यांच्या दुकानापुढं गेल्या. बायकांची नावं कासाराला ठाऊक असतात, हा त्यांचा अनुभव. म्हाताऱ्या कासारानं हंडा पाहिला. "शेवंता? पाण्याच्या टाकीमागं ऱ्हातेत की. नवऱ्यानं टाकल्यावर हितंच आल्या त्या, आईपाशी."

"ऱ्हातेत?" सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे हायेत?"

"हायेत की. आत्ताच तंबाखू घेऊन गेल्या."

आजवर लेकी, नाती, पणत्या भेटल्या होत्या. जिचं नाव भांड्यावर आहे ती बाई स्वतः कधी भेटली नव्हती. वाटेत सिस्टरांनी पदरानं हंडा दोनदा पुसला.

शेवंताबाई दारात जवारी निवडत बसल्या होत्या. खूप म्हाताऱ्या, पण ताठ. सिस्टरांनी हंडा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी काठाखालच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हात आखडून घेतला.

"न्या ह्यो," त्या म्हणाल्या. "मला नको."

मी काहीतरी बोलायला गेले. सिस्टरांनी माझा हात दाबला.

"म्याच इकला व्हता," शेवंताबाई जवारीकडं बघत म्हणाल्या. "माय आजारी पडली तवा. औषिदाला. ती आंथरुणात पडल्या पडल्या रोज इचारायची, शेवंता, हंडा दिसंना कुठं? म्या म्हणायचे, शेजारी लगीन हाय, पाणी भराया न्हेलाय. रोज इचारायची. रोज म्या त्येच सांगायचे. तसंच खोटं ऐकून गेली ती. आता ह्यो घरात ठिऊन काय करू? त्यो बी इचारंल."

सिस्टर शेवंताबाईंसमोर खाली बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसणं त्यांना सोपं जात नाही.

"म्या नर्स व्हते," त्या म्हणाल्या. "लई म्हाताऱ्या माझ्या हातात गेल्या. तुम्हाला खरं सांगते. तुमच्या आईला ठावं व्हतं. रोज लगीन असतंय का शेजारी? पर तुम्ही घाबरून गप बसत असाल तिच्यापाशी. ती इचारायची ते हंड्यासाठी नाय. तुम्ही बोलावं म्हणून."

शेवंताबाईंनी हंड्याच्या पोटावरचा पोचा चाचपला. मग डोळे न पुसताच त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाच्या, बाई? माहेर कुठलं तुमचं?"

इतकी वर्षं मी सिस्टरांबरोबर हिंडतेय. हा प्रश्न त्यांना विचारलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मीसुद्धा कधी विचारला नव्हता.

"गया नाव माझं," सिस्टर म्हणाल्या. "बाप मेंढरं राखायचा. आज हितं, उद्या तिथं. म्या तान्ही असतानाच आई गेली."

"नाव काय आईचं?"

सिस्टरांनी सुपातले दोन खडे उचलून बाजूला टाकले.

"म्हाईत नाय," त्या म्हणाल्या. "बाप नाव घ्यायचा नाय, तवा घेत नव्हते. आजी पोरीची माय म्हणायची. शाळेत बापाचंच नाव लागलं. म्या कधी इचारलं नाय. इचारावं वाटलं तवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं. एक तांब्या व्हता म्हणं तिच्या माहेरचा, नाव घातलेला. मेंढरांमागं फिरताना कुठं गेला कुणास ठाऊक. आता समोर आला तरी ओळखू यायचा नाय मला. म्हणून मग येईल ते भांडं घासून बघते. ज्येचं हाय त्येच्या घरी जाऊ दे. त्यात कुठंतरी तिचंबी गेलं असंल."

मी भिंतीला टेकून उभी होते.

"मग मनातल्या मनात हाक मारायची झाली तर?" शेवंताबाईंनी विचारलं. "माणसानं आईला कवातरी हाक मारावीच लागती."

सिस्टर जराशा लाजल्या. चोरी पकडल्यासारख्या.

"जे भांडं घरात असंल त्येच्यावरचं नाव घेते," त्या म्हणाल्या. "कवा कमळा. कवा सखू. भांडं पोचवलं की नाव बदलतं." मग हंड्याच्या काठावर हात ठेवून, खालच्या आवाजात, "दिवाळीपासनं शेवंता."

शेवंताबाईंनी सूप बाजूला ठेवलं. भिंतीचा आधार घेत उठल्या, हंडा उचलून कमरेवर घेतला आणि आत गेल्या. नळाचं पाणी हंड्यात पडल्याचा आवाज आला. मग पाट सरकवल्याचा, चुलीत काटक्या मोडल्याचा. मी सिस्टरांना म्हणाले, "एसटीची वेळ होईल." त्यांना ते ऐकूच गेलं नाही. त्या दारात बसून राहिल्या, पाय पसरून, पदर मांडीत गोळा करून, हात रिकामे.

भाकरीचा वास बाहेरपर्यंत आला.

"गया," आतून हाक आली, "हातपाय धुवून घे गं. ताट वाढलंय."

आजवर मी कुणाच्या तोंडून सिस्टरांना नावानं मारलेली हाक ऐकली नव्हती. क्षणभर त्यांनाही कळलं नसावं कुणाला बोलावलंय ते. मग त्या घाईनं, गुडघ्यांवर हात न टेकता उठल्या.

"आले," त्या म्हणाल्या.