केशोभाऊंची परखी

समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमचे शेजारी केशोभाऊ आज सकाळी दहा वाजता डॉक्टरकडे गेले असून त्यांना काहीही झालेले नाही.

कचेरीत हयात गेल्यामुळे मला अशीच भाषा सुचते. पण त्या काळी बालाघाटात ही बातमी महिन्यातून एकदा तरी खरी असायची. धडधाकट केशोभाऊ धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून कुठल्या तरी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसत.

"काय होतंय?" डॉक्टर विचारी.

"मले काई नाई होऊन राह्यलं. मी तुमाले पाह्याले आलो."

केशोभाऊ तांदळाचे दलाल. वारासिवनीच्या गिरण्यांतून माल आला की पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरायचे आणि अख्खे, साबूत दाणे किती, तुटलेली कणी किती, हे नुसत्या नजरेनं सांगायचं. बायको सोडून जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी परखी लावली होती. डॉक्टर तरी कसे सुटणार?

"बिमारी आल्यावर डॉक्टर धुंडनं म्हंजे पंगत बसल्यावर तांदूळ निवडनं," असं ते मला भिंतीवरून ऐकवत.

डॉक्टर त्यांची नाडी बघे, तेव्हा हे डॉक्टरची नखं बघत. ब्लडप्रेशर तर असं सरळ, की डॉक्टरला आपल्या यंत्राचाच संशय यावा. मग शेवटचा प्रश्न: "तुमच्या हातून कणी किती निंघते?" म्हणजे, किती रोगी हातचे गेले? एकानं त्यांना दाराबाहेर काढलं. बाकीचे छातीवर हात ठेवून सांगत, आमच्याकडे सगळे बरे होतात. की हे उठलेच! "रामराम!"

"काहून उठले?" मी एकदा विचारलं.

"माह्या मालात कणीच नाई, असं जो म्हन्ते, त्याचं पोतं घ्याचं नाई, बाबूजी."

सगळे डॉक्टर नापास.

त्या वर्षी दिवाळीनंतर मात्र केशोभाऊंनी कहर केला. एका आठवड्यात तीन डॉक्टर! मी म्हटलं, "केशोभाऊ, आता गुरांचा तेवढा राहिला."

ते हसले नाहीत. "स्टेशनकडे बाई डॉक्टर आली म्हन्तेत. चालता काय संग?"

मी फुकटचा तमाशा सोडतो होय? गेलो. बाई तरुण, हिंदी बोलणारी. तपासणी झाली, ब्लडप्रेशर सरळ निघालं, आणि केशोभाऊंनी परखी खुपसली. "डॉक्टरनी बाई, आपके हाथ से कनी कितनी निकलती है?"

आता ही पण बाहेर काढणार, म्हणून मी चपला शोधू लागलो. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"निकलती है, दादाजी. ज़्यादातर वो, जो देर से आते हैं. तकलीफ़ से पहले आ जाएँ, तो बहुत बच जाते हैं."

केशोभाऊ रामराम न म्हणताच उठले. रेल्वे फाटकापाशी थांबले.

"तुमच्या वहिनीच्या काखेपाशी गाठ हाय, बाबूजी. पोळ्यापासून. कोनाले दाखवत नाई. म्हने, तुमी पास केलेला डॉक्टर आना, मंग दाखवीन."

"मग एखाद्याला पास करून टाकायचं!"

"कसा करू? पोतं घरचं हाय ना."

"मग ही बाई?"

 "पास!"

दुसऱ्या दिवशी यमुनावहिनींना घेऊन ते आले, मीही मागोमाग. वहिनी पदर सावरत आत गेल्या. दवाखाना माणसांनी भरलेला. बाकावर केशोभाऊ स्वतःचा तळहात उघडून बसले होते. रिकामाच. त्यावरच नजर.

दार उघडून बाई बाहेर आल्या, मागोमाग वहिनी. "चरबी की गाँठ है, दादाजी. नरम है, उँगली के नीचे सरकती है. डरने की कोई बात नहीं. बस, हर छह महीने में दिखाते रहिए."

"पक्का?"

"पक्का."

"पक्का ना?" असं म्हणत केशोभाऊ उठायला गेले आणि तोल जाऊन माझ्याच अंगावर आले. बाईंनी तिथंच त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. पारा चढत गेला, चढतच गेला.

"दादाजी, ये तो बहुत बढ़ा हुआ है! कल तो बिल्कुल ठीक था!"

पंधरा वर्षांच्या शेजारात यमुनावहिनींचा आवाज मी कधी भिंतीपलीकडे आलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी तो भरल्या दवाखान्यानं ऐकला:

"बाई, ह्याइलेच ठेवून घ्या! माहा दाना साबूत हाय. आमच्या घरची कणी त हेच हायेत!"