बारा पावलांचा नकाशा

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी पाहिलं बांधून, आणि खरं सांगतो, त्यात विशेष काही नाही! बाबांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत माझं दोन खोल्यांचं घर दिमाखात उभं राहिलं. आता फक्त पाणी आणि वीज जोडायची बाकी होती. दोन दिवसांचं काम, मी बायकोला ठणकावून सांगितलं, आणि बाबांना एका शब्दानेही विचारायचं नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका अंघोळीसाठी. बाबांच्या घरात कुणी न्हाणीघरात शिरलं, की ते समोर खुर्ची टाकून घड्याळाकडे बघत बसतात आणि दहाव्या मिनिटाला दार वाजवतात. पाहुणा असला तरी वाजवतात. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण बायकोच्या केसांतला साबण कधी पुरता निघालेला नाही. तिला दागिने नको होते, साड्या नको होत्या. दार न वाजता एक अंघोळ हवी होती, आणि ती द्यायची मी शपथ घेतली होती.

चर खणायचा तर आधी जागा मोजायला हवी. घरातली एकुलती एक टेप बाबांच्या कपाटात. ती मागितली, की 'कशाला?' येणार, आणि त्या 'कशाला'च्या पाठोपाठ खुद्द बाबा येणार. मी कसला मागतोय! मी पावलांनी मोजलं आणि कागदावर झकास नकाशा काढला. नव्या घराच्या कोपऱ्यापासून कुंपणाकडे बारा पावलं, तिथे वळायचं, मग बाबांच्या घराच्या कडेने सरळ रस्त्यापर्यंत. एक प्रत प्लंबरला दिली, एक इलेक्ट्रिशियनला, आणि निर्धास्त मनाने ऑफिसला गेलो.

पावलं कुणाची, हे मात्र मी लिहिलं नव्हतं. प्लंबर माझ्या खांद्याला लागतो. इलेक्ट्रिशियनशी बोलताना माझी मान दुखते.

प्लंबरची बारा पावलं माझ्या आठांत संपली. तो तिथेच वळला आणि इमानेइतबारे सरळ खणत बाबांच्या न्हाणीघराच्या भिंतीला जाऊन भिडला. वाटेत एक पाइप आडवा आला. तो त्याने जुना, बिनकामाचा समजून कापला. त्या वेळी बाबा त्याच पाइपाच्या दुसऱ्या टोकाला, अंगभर साबण लावून उभे होते. इकडे इलेक्ट्रिशियन बाराव्या पावलाला कुंपण ओलांडून शेजारच्या काकूंच्या बागेत पोचला. नकाशात कुंपणाची रेघच नव्हती, असं तो नंतर म्हणाला, आणि ते खरं होतं. मी ऑफिसातून धावत आलो तेव्हा काकूंचे सात गुलाब मुळासकट आडवे झाले होते आणि त्या काम बंद पाडण्याचा अर्ज लिहायला बसल्या होत्या. माझ्याशी त्या बोलेनात. तुझ्या बाबांना पाठव, एवढंच म्हणाल्या.

काय करतो! अडला हरी, गाढवाचे पाय धरी. इथे मात्र अडला होता तोच गाढव होता. मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. ते कमरेला टॉवेल गुंडाळून बसले होते आणि साबण अंगावरच वाळल्यामुळे चुना दिल्यासारखे पांढरे दिसत होते. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे उठले, कपाटातून टेप काढली आणि माझ्या हातात दिली.

"मागितली असतीस, तर दिली असती," ते म्हणाले.

पुढचं सगळं त्यांनी हातात घेतलं. गुलाब लावून दिले, काकूंचा अर्ज फाडायला लावला, दोन्ही कारागिरांना टेपेच्या एकेका टोकाला उभं केलं. नव्या घराच्या पाण्याचा कॉक आणि विजेचा मेन स्विच उघड्यावर नकोत, आपल्या खोलीत असलेले बरे, असंही त्यांनीच सुचवलं. मी कृतज्ञतेने मान हलवली. त्या क्षणी त्यांनी माझी किडनी मागितली असती, तरी मी हलवलीच असती.

रविवारी आम्ही नव्या घरात राहायला गेलो. बायकोने नवा साबण काढला, नवा टॉवेल घेतला, जाताना माझ्याकडे बघून हसली. नऊ वर्षांत ती अशी हसली नव्हती. मी दाराबाहेर कॉलर ताठ करून उभा राहिलो. आतून पाण्याचा आवाज येत होता, शिवाय गाणं! ही बाई गाते, हे मला तेव्हा कळलं.

मग पाणी थांबलं. गाणं थांबलं. पाठोपाठ दिवाही गेला.

"अहो," आतून अगदी हळू आवाज आला, "डोळ्यांत साबण गेलाय."

मी धावत पुढच्या घरात गेलो. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. डाव्या हाताला कॉक, उजव्या हाताला स्विच, समोर घड्याळ.

"दहा मिनिटं झाली," ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

परत येऊन मी बंद दाराशी उभा राहिलो आणि बायकोला काय सांगावं याचा विचार करू लागलो. जुन्या घरात बाबांना निदान उठून दार वाजवायला यावं लागायचं. तेवढेही कष्ट मी वाचवले होते.