नट घट्ट आहेत

"पोरी, रोहिदासनं खोलून जोडलेल्या वस्तूवर बसायचा नाय," साखरशेतच्या सासूबाईंनी पुष्पलताला लग्नानंतर आठवड्याभरातच बजावलं होतं. सासऱ्यांचा खुबा गेला तो मुलाने दुरुस्त केलेल्या खाटेवरून, हेही सांगितलं होतं. पुष्पलता बी.ए. झालेली. म्हाताऱ्या माणसांना यंत्रांची भीती वाटते, असं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं. खाट हे यंत्र नाही, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

मोखाड्याला शिक्षकाची नोकरी लागल्यावर रोहिदासने जुनी ॲम्बेसेडर घेतली. चाकं जरा बाहेर काढली की गाडी घाटातल्या वळणावर झुकत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं. मग चाकांच्या मागे जाड लोखंडी चकत्या आल्या. चकत्यांमुळे नट बसवायचे मूळचे स्टड आखूड पडले, म्हणून नाशिकहून लांब स्टड आले. चांगलेच लांब, कारण कमी पडायला नको. आटे पावसात गंजू नयेत म्हणून नटही आणले ते टोपीसारखे, एका बाजूने बंद, चकचकीत. दिवाळीच्या सुट्टीत त्याने ते पान्याने असे पिळले की मान लालबुंद झाली.

सुट्टी संपायच्या आत दीड वर्षाच्या हर्षदाला धाप लागली. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. डॉक्टरांनी तपासून ताबडतोब जव्हारला हलवायला सांगितलं. पुष्पलता मुलीला छातीशी धरून ॲम्बेसेडरमध्ये बसली.

दुसऱ्या वळणावर मागून टकटक सुरू झाली. रोहिदास म्हणाला, खडा अडकला असेल. पुढच्या उतारावर खडा जास्तच घाईत आला. पुष्पलताने गाडी थांबवायला लावली. रोहिदासने थांबवली, पण तिला पटवण्यापुरती. पाना लावून तो नटावर जवळजवळ उभाच राहिला.

"बघ, हलतोय का? नट घट्ट आहेत."

पुष्पलताने मुलीला खांद्यावर घेतलं आणि मोकळ्या हाताने चाक ओढलं. चाक डुगडुगलं.

"नट घट्ट आहेत," रोहिदास हळू आवाजात पुन्हा म्हणाला. "म्हणजे दोष चाकाचा आहे."

तिने त्याच्या खिशातलं पेन काढलं. त्यात त्याने दुसऱ्याच पेनाची लांब रिफिल कोंबली होती. टोपण रिफिलला टेकून अर्ध्यावर अडलं होतं. तिने ते त्याच्यासमोर धरलं. "अहो, हे टोपण पण घट्टच लागतंय. पण बसलंय का? तुमचा लांब स्टडही असाच नटाच्या टोपीला आतून टेकलाय."

रोहिदासने पेनाकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि खाली बसला तो उठलाच नाही.

तेवढ्यात मोखाड्याकडून मुकेशची प्रवासी कोंबून नेणारी वडाप जीप आली. मुकेशने काही न विचारता पुढच्या सीटवरच्या दोघांना मागे लोंबकळायला पाठवलं आणि तिला बसवलं. रोहिदास गाडीपाशीच राहिला. जीप निघाली तसा पुष्पलताने पहिल्यांदा श्वास सोडला. हर्षदाचा मात्र घरघरत होता.

"घाबरू नका वहिनी," मुकेश म्हणाला. "आपली जीप आता वळणावर जरा पण झुकत नाय. गुरुजींनीच तर करून दिली ना. तेच लांबवाले स्टड, तेच टोपीचे नट. एक पैसा नाय घेतला त्यांनी."

उतरावं, तर मुलगी निळी पडत चाललेली. बसावं, तर खाली दरी. तिने पेनाची गोष्ट त्याला सगळी सांगितली. मुकेश मनाने भला. त्याने लगेच जीप थांबवली, उतरला, पाना लावला, जोर लावला आणि हसत परत आला.

"एकदम टाइट हायेत वहिनी."

चाक हलवून बघ म्हणेपर्यंत त्याने गियर टाकला होता. राहिलेला सगळा रस्ता ती एका कानाने मुलीचा श्वास ऐकत होती आणि दुसऱ्या कानाने चाक.

जव्हारला पोचल्या. ऑक्सिजन लागला, दुपारी मुलीचे ओठ गुलाबी झाले, ती रडली. पुष्पलता तशीच धावत रस्त्यावर आली. मुकेश गच्च भरून केव्हाच मोखाड्याकडे परतला होता. टपावरही माणसं होती, असं चहावाल्याने कौतुकाने सांगितलं.

मुलीपाशी दुसरं कोणी नाही, त्यामुळे पुष्पलताला तिथून हलता येत नाही. म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवते आहे, आणि आता तुम्हालाही: त्या रस्त्याने जात असाल, तर मुकेशची जीप तेवढी थांबवा. तो ठीक आहे ना, बघा. नटांचं विचारू नका, तो पाना काढून दाखवेल. चाक धरून हलवा.