कावळ्याला सांगायचं ते

आमच्या कंपनीत कुणाकडे दहावा असला की सुटीचा अर्ज नंतर जातो, आधी बबनरावांना निरोप जातो. पिंडाला शिवायला कावळा तयार नसेल तर त्याला तयार करणं हे बबनरावांचं काम. पगार मात्र त्यांना फोर्कलिफ्ट चालवण्याचा मिळतो.

कुरुळीचा हा माणूस घाटावर लोकांना मागं सारतो आणि गेलेल्याच्या अडकलेल्या इच्छा निव्वळ अंदाजानं पुऱ्या करत सुटतो. "तात्या, धाकटीचं लगीन आमी लावून देतो. तात्या, म्हस विकत न्हाई. बरं, पोराला नवा मोबाईल घेत न्हाई, मग तर झालं?" एका सुपरवायझरच्या दहाव्याला त्यांनी "साहेब, मालाचं रिजेक्शन कमी करतो" असं कंपनीच्या वतीनं कबूल केलं, आणि कावळा आला. पुढे महिनाभर आम्ही सगळे घाबरून काम करत होतो.

"जित्या माणसाशी बोलाया आपल्यात लाज वाटती," ते म्हणायचे. "म्हणून देवानं कावळा ठिवलाय."

मला हसू यायचं. मग माझा थोरला भाऊ गेला.

निगडीला आम्ही एकाच इमारतीत. दादा वर, मी खाली. वर्षानुवर्षं आमच्यात दोनच वाक्यं होती. "पाणी आलं का?" आणि "मोटर बंद कर." त्यावर आमचं उत्तम चाललं होतं, असं मी धरून चाललो होतो.

देहूच्या घाटावर कावळे भरपूर होते, पण दादाच्या पिंडाकडे एकही फिरकेना. बबनराव पुढे झाले. वहिनींना सांभाळायचं वचन झालं, पुतण्याची नोकरी झाली, गच्चीवरची गळकी टाकीसुद्धा माझ्या अंगावर आली. कावळे शेजारच्या पिंडावर तृप्त. गुरुजी कंटाळून दर्भाचा कावळा वळायला बसले.

"माझा स्टॉक संपला, साहेब," बबनराव मला म्हणाले. "आता तुमीच बोला."

"काय बोलू?"

"ते मला कसं ठावं? भाऊ तुमचा हाय."

"पाणी आलंय, दादा," मी म्हणालो. वहिनी फस्सकन हसल्या आणि मग रडायलाच लागल्या. गुरुजींनी दर्भ उचलला.

"थांबा गुरुजी," बबनराव म्हणाले. "माणूस आत्ता कुठं तोंड उघडतोय."

मग मी बोललो. तू दवाखान्यात होतास तेव्हा मी ओव्हरटाइम मागून घेत होतो. तुला नळ्या लावलेल्या मला बघवत नव्हत्या, म्हणून आलो नाही. चारचौघांत, भाताच्या गोळ्याला हे सांगितलं. मी नाक पुसेपर्यंत कावळा येऊन गेला, असं बाकीचे म्हणतात.

नंतर टपरीवर विचारलं, "हे तुम्ही शिकलात कुठं?"

"शिकायचं काय त्यात?" बबनराव बशीत चहा ओतत म्हणाले. "संसारात हिच्याशी येक शब्द गोड बोललो नव्हतो. दहाव्याला समदं घोकून गेलो. म्हणलं, कावळा अडंल, मग बोलू. तर पिंड ठिवला न ठिवला, शिवला की. लोक म्हणले, बाई समाधानी गेली."

"मग?"

"मग काय? समदे जेवाया उठले. माझं राह्यलं."

खाली घाटावर कुणाचा तरी पिंड अजून तसाच होता. भोवती माणसं मुकाट उभी होती. बबनरावांनी बशी तशीच ठेवली आणि टोपी सारखी केली.

"ओळखीचे आहेत?" मी विचारलं.

"न्हाई," म्हणाले, आणि पायऱ्या उतरायला लागले.