कै. भु. उगले यांचा सत्कार

लेखक जिवंत असेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही, हा प्रकार मी निदान जालन्यापुरता बंद करून दाखवणार होतो. तसं मी मस्तगडातल्या चहाच्या टपरीवर चार लोकांत छाती ठोकून सांगितलंही. माझं तिथं स्टेशनरीचं दुकान आहे आणि लोकांत बोलून बसायची मला खोड आहे.

माझे लेखक होते कैलासअण्णा उगले. अंकुशनगरच्या साखर कारखान्यातून निवृत्त होऊन ते आमच्या गल्लीत राहायला आले होते. अशा कथा लिहायचे की वाचल्यावर दुकानात गिऱ्हाईक उभं असलेलं मला दिसायचं नाही. दिवाळी अंकात त्यांची कथा आली की अण्णा आठ दिवस माझ्या काउंटरपाशी घुटमळायचे आणि शेवटी हळूच विचारायचे, "अंगद, कोणी काही म्हणलं का रे?"

कोणी काही म्हणलेलं नसायचं. मी सांगायचो, "लोक वाचून राह्यलेत, अण्णा."

याला एक कारण होतं. अण्णांचं पूर्ण नाव कैलास भुजंगराव उगले, आणि ते सही करायचे "कै. भु. उगले". नावाआधी कै. दिसलं की मराठी माणूस हात जोडतो आणि पान उलटतो. गेलेल्या लेखकाला कुणी काय कळवणार? एका संपादकानं तर त्यांना लिहिलं होतं, "आपल्या वडिलांचं आणखी काही अप्रकाशित साहित्य असल्यास पाठवावे." अण्णांनी नवी कथा लिहून पाठवली. तीही छापून आली.

"अण्णा, पूर्ण नाव लिहीत जा ना," मी म्हणायचो.

"पहिली कथा ह्याच नावानं आल्ती रे. आता बदललं तं ती कोणाची म्हणू?"

तर मी सत्काराचा घाट घातला. वाचनालयाचे अध्यक्ष मच्छिंद्रअप्पा यांनी फोनवर हॉल लगेच दिला. मी अण्णांचा एक जुना, काळ्याभोर मिशांचा फोटो सिराजोद्दीन पेंटरकडून मोठा करून स्टेजवर ठेवायला पाठवला आणि सगळ्या ग्रुपवर मजकूर टाकला, "कै. भु. उगले यांच्या साहित्याचा गौरव. रविवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये. सर्वांनी यावे."

दहा मिनिटांत मोबाइल जोडलेल्या हातांनी भरून गेला. मला वाटलं, नमस्कार! एवढा आदर बघून मी बायकोला जिलेबी आणायला पाठवलं.

रविवारी अण्णांना स्कूटरवर घेऊन पोहोचलो तर हॉल खच्चून भरलेला. मला भरून आलं. मग लक्षात आलं की सगळे पांढऱ्या कपड्यांत आहेत. स्टेजवर अण्णांच्या फोटोला हार, पुढं समई, उदबत्ती. आणि मच्छिंद्रअप्पा माइकवर सांगत होते की उगलेंच्या जाण्यानं जिल्ह्याचं न भरून येणारं नुकसान झालं आहे.

मी ओरडायला तोंड उघडलं, तोच अण्णांनी माझा दंड धरला.

"थांब. ऐकू दे."

आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. पांढऱ्या दाढीच्या त्या माणसाला कुणी ओळखलं नाही. अप्पांनी वाचनालयाच्या नव्या खोलीला उगलेंचं नाव देत असल्याचं जाहीर केलं. मग साळूबाई नावाच्या एक बाई उठल्या. त्यांना माइक नीट धरता येत नव्हता.

"त्यांची 'भोंगा' गोष्ट म्या वाचली," त्या म्हणाल्या. "कारखान्यातल्या बहिऱ्या माणसाची. भोंगा झाला की बायको त्याच्या पाठीला हात लावून सांगायची. ती गेल्यावर बी तो रोज दारात पाठमोरा हुबा राहायचा. आमचे मालक गेल्ते तवा मला रडूच येत नव्हतं. ती गोष्ट वाचली अन् आलं. त्यांना सांगायचं व्हतं, पर तेच न्हाईत म्हणल्यावर कोणाला सांगू?"

अण्णा उपरण्यानं डोळे पुसत होते. मीही पुसत होतो.

मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे उठले. अण्णाही उठले आणि मान खाली घालून शांत उभे राहिले, स्वतःसाठी.

नेमक्या त्याच वेळी अण्णांच्या घरच्या, उषाबाई, रिक्षातून उतरून आत आल्या. सत्काराला म्हणून हिरवं लुगडं, अंबाड्यात गजरा. फोटोवरचा हार बघून त्या जागीच थिजल्या आणि मग सगळा हॉल हादरेल अशा ओरडल्या, "काढा त्यो हार! माणूस जित्ता हाय माझा! त्यो काय मागं हुबा!"

सगळ्या माना वळल्या. अण्णांनी ओशाळून हात जोडले.

आता टाळ्या पडतील असं मला वाटलं होतं. पण लोक फसवल्यासारखे बघायला लागले. कुणी म्हणालं, "सुट्टीचा दिवस घालवून आल्तो." हॉल भराभरा रिकामा झाला. गर्दीच्या रेट्यात साळूबाईही बाहेर गेल्या. अप्पांनी स्वतःच्या हातानं समई विझवली.

"अप्पा, ती खोली तेवढी..." मी म्हणालो.

"जिवंत माणसाचं नाव देत नसतेत, अंगद. नियम हाय."

"बराबर हाय," अण्णाच घाईनं म्हणाले. "मला काही जल्दी न्हाई."

परत येताना स्कूटरवर अण्णा मागून म्हणाले, "त्या बाई काय म्हणल्या, सांग बरं परत." मी सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

पाडव्याच्या आधी अण्णा खरंच गेले. झोपेतच. मी सगळ्या ग्रुपवर कळवलं, फोन केले. "अरे, झाली की श्रद्धांजली," लोक म्हणाले. "आता पुन्हा काय?" स्मशानात नेताना आम्ही इतके थोडे होतो की खांदा बदलायला माणूस नव्हता. मला त्या दिवशी सगळ्या गावाचा राग आला. अजूनही येतो.

अप्पांनी मात्र शब्द पाळला. खोलीच्या पाटीचा मजकूर मी लिहून दिला, "कै. कै. भु. उगले वाचनकक्ष". पहिलं कै. गेलेल्या माणसाचं, दुसरं कैलासचं. उषाबाईंना घेऊन बघायला गेलो तेव्हा सिराजोद्दीन ब्रश पुसत होता. पाटीवर एकच कै. होतं.

"अंगदभाई, तुम्ही घाईत कै दोनदा लिहिल्तं," तो म्हणाला. "मी एक काढून टाकलं. बराबर हाय ना?"

मी काही बोलणार, तेवढ्यात उषाबाईंनी एकेक अक्षर लावत पाटी वाचली. "हे लिहायचे बिलकुल तसंच हाय," त्या म्हणाल्या आणि पदरानं पाटीची कड पुसली.

मग मी पाटी तशीच राहू दिली. कोणतं कै. काढलं, ते सिराजोद्दीनला विचारलं नाही. मी आपलं पहिलं गेलं असं धरून चालतो. म्हणजे त्या पाटीपुरते अण्णा अजून हयात आहेत आणि जिवंत माणसाचं नाव द्यायचं नाही हा अप्पांचा नियम अप्पांच्याच दारावर मोडलेला आहे. अप्पांना अजून कळलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.