कातळवाडीच्या शाळेची मोजणी

श्रीशारदा साह्य असो, खडूफळ्यास दंडवत असो. शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरी, मौजे कातळवाडीच्या शाळेची मोजणी जाहली, तिचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे.

कातळवाडीस खाडे गुरुजी एकटेच शिक्षक. तीस वर्षे एका खोलीत चार इयत्ता सांभाळीत आले. त्यांचा शिरस्ता ऐसा की, पोरास धडा आला की नाही हे आपण पुसू नये. पोराने तो खालच्या इयत्तेतील पोरास शिकवावा, आणि खालच्यास उमजला तरच वरच्यास आला म्हणावे. मग दुपारी ऐसा कलकलाट होई की चिंचेवरचे कावळे उडोन जात, आणि गुरुजी मधोमध चष्मा पुशीत बसत, आणि त्यांस वाटे, यापरते सुख राजासही नसेल. ते दिवस आठविले म्हणजे आजही जीव हळहळतो.

मग हुजुरांचे मनात आले की राज्यातील पोरे किती शिकली हे मोजावे, आणि शाळाशाळांस जाब पुसावा. फर्मान सुटले की ज्या शाळेस ड श्रेणी पडेल, ती मोडोन नदीपारच्या थोरल्या शाळेत मिळवावी. फाल्गुनमासी मोजणीदार हणमंतराव छापील पेपर घेऊन दाखल जाहले, आणि पोरांस हातहात अंतरावर बसविले. पेपर सोपे निघाले, गुरुजींस धीर आला. आणि तेथेच घात जाहला. तिसरीतील सानिका आपला पेपर पुरा करोन उठली, दुसरीतील प्रज्वलची वजाबाकी अडली होती तेथे जाऊन बसली, आणि हातचा कैसा घ्यावा हे समजावू लागली. तिचे पाहोन वरच्या इयत्तांची सारीच पोरे उठली. मोजणीदारांचे डोळे पांढरे जाहले.

"अगं, माझ्यादेखत कॉपी करतेस?"

"कॉपी न्हाई वो सर," सानिका म्हणाली. "त्याला हातचा समजंना, म्हून सांगितला. उत्तर त्यानंच काढलंय."

मोजणीदार मनाचे वाईट नव्हते. गुरुजींस बाजूस घेऊन म्हणाले, "गुरुजी, सामूहिक कॉपी म्हणून नियमानं शाळेला ड द्यावी लागेल. पण या पोरीनं चोरी केली, बाकीची तिच्या नादानं उठली, एवढं लिहून द्या. तिचा पेपर बाद करतो, शाळा वाचेल." गुरुजींनी कागद घेतला. शाळा गेल्यावर आपण काय करावे हे त्यांस सुचेना. मग लिहिले, "मुलीने शाळेत शिकविले तेच केले. शिकविणारा मी." आणि खाली सही केली. पुढील वैशाखात शाळेस कुलूप पडले, आणि पोरे नदीपार गेली, आणि गुरुजी सेवेतून मोकळे होऊन घरी बसले.

दिवाळीस सानिका त्यांचे भेटीस आली. थोरल्या शाळेची सहामाही नुकतीच जाहली होती. म्हणाली, "गुरुजी, माझा पैला नंबर आला." गुरुजींस बहुत संतोष जाहला. पाठीवरून हात फिरविला, आणि सवयीने पुसले, "मग कुणाला काय शिकवलंस?"

सानिका खाली पाहों लागली. "तिथं उठू देत न्हाईत, गुरुजी. पेपर झाला की हाताची घडी घालून बसायचं. शेजारची रडत होती. मी बसूनच राह्यले."

 गुरुजींनी तिला जवळ घेतले.

येणेप्रमाणे कातळवाडीची मोजणी पुरती जाहली. मुलीची प्रगती उत्तम, ऐसे दप्तरी लिहिले आहे.